सुट्टी कुठे राहते?

एप्रिल सुरू झाला की मला थंडी वाजते. हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक आधी कपाळाला हात लावून बघतात आणि मग हळूच वयाचा विषय काढतात. पण इथे वाकडला, माझ्या भाचीच्या, सईच्या, घरी, खाली रस्ता तापून पांढराफटक पडलेला असतो, समोरच्या इमारतींच्या काचा डोळ्यांत घुसत असतात आणि सईच्या खोलीत मात्र एसी इतका वाढवलेला असतो की ती बया टोपीवाला जाड स्वेटशर्ट घालून संगणकापुढे बसलेली असते. मी दारात उभी राहते. गार हवेचा झोत अंगावर येतो आणि माझा हात आपोआप खांद्यावरच्या स्वेटरकडे जातो. स्वेटर तिथे नसतो. त्याला आता चाळीसेक वर्षं झाली.

मोरपंखी रंगाचा होता तो. आईनं विणलेला, एक बाही दुसरीपेक्षा जराशी लांब. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती आणि मी चिंचवडच्या एका मोठ्या कारखान्यात, गाड्यांचे गिअर बनवणाऱ्या कंपनीत, संगणक विभागात नोकरीला होते. संत तुकाराम नगरच्या स्टॉपवर सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत उभी राहायची, काखेत डबा आणि हातावर स्वेटर. एप्रिल-मे महिन्यात. कॉलनीतल्या बायका पाण्याच्या नळावरून ओरडायच्या, "काय गं सुलभा, महाबळेश्वरला निघालीस का?" मी म्हणायची, "हो, येताना स्ट्रॉबेरी आणते." त्यांना खरं सांगून उपयोग नव्हता. संगणकाच्या खोलीत बारा महिने हिवाळा असायचा, कारण तो यंत्राला लागायचा. आम्ही माणसं तिथे यंत्राच्या सोयीनं राहत होतो. दारात चपला काढायच्या, पायमोजे चढवायचे, स्वेटर घालायचा आणि मग आत जायचं, देवघरात जावं तसं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलं की उन्हाळा एकदम अंगावर यायचा. ओतकामाच्या विभागातून जळक्या रेतीचा वास, यंत्रांवर पडणाऱ्या तेलाचा आंबूस-गोड वास, आणि मधूनच कुंपणापाशीच्या कडुनिंबाचा मोहर. मुंबई-पुणे रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं. आतल्या गारठ्यानं बोटं आखडलेली असायची आणि बाहेर येऊन ती उन्हात धरली की हळूहळू सुटी व्हायची. हे सुख मी पुन्हा कुठे अनुभवलेलं नाही.

आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये तेव्हा रविवार हा वार पंचांगात होता, आयुष्यात नव्हता. विजेवरचा ताण विभागला जावा म्हणून कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्यामुळे सगळ्या गावाचा आठवडाच वेगळा फिरायचा. पुण्यातले नातेवाईक रविवारी हौसेनं भेटायला यायचे आणि घराला कुलूप बघून परत जायचे. मुलगी बघायचे कार्यक्रम गुरुवारी, गहू निवडायचे गुरुवारी, सिनेमा गुरुवारी. माझे वडील औषधांच्या कारखान्यात होते, मूळचे बार्शीकडचे. त्यांचं या गुरुवारावर जन्माचं भांडण होतं. गुरुवार म्हणजे दत्ताचा वार, आई कडक उपास करायची, त्या दिवशी घरात मटण शिजणं शक्य नाही. बाबा ताटाकडे बघत म्हणायचे, "सुट्टीच्या दिवशी साबुदाणा! कुणाचं काय घोडं मारलं व्हतं आपण?"

हे सगळं मुंबईच्या लोकांना माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं. आमच्या कंपनीनं मुंबईच्या तज्ज्ञांकडून एक प्रोग्राम लिहून घेतला होता. कुठला सुटा भाग कुठल्या यंत्रावर कुठल्या दिवशी करायचा, याचा आठवड्याचा आराखडा त्यानं छापून द्यायचा. पहिला आराखडा छापून आला तेव्हा सगळा कारखाना हसला. गुरुवारी सगळ्यांना भरपूर काम नेमून दिलेलं, आणि रविवारी सगळीकडे शुकशुकाट.

आमचे साहेब घाणेकर. स्वभावानं वाईट नव्हते, पण त्यांना वरच्या मजल्याची फार भीती. ते म्हणाले, "रविवार आहे तिथे गुरुवार करा. अर्ध्या तासाचं काम आहे." आम्ही बघायला बसलो तर रविवार कुठे एका जागी सापडेना. कुठे दिवसाच्या आकड्याला सातनं भागून बाकी शून्य आली की रविवार मानलेला. कुठे सहा दिवस मोजून सातव्यावरून उडी मारलेली. कुठे तर रविवारचं नावच नव्हतं, नुसतं गृहीत धरलेलं की आठवडा म्हणजे सहा दिवसांचं काम आणि तो सोमवारी सुरू होतो. गव्हात खडे मिसळावेत तसा तो रविवार त्या प्रोग्रामभर पसरला होता. एक काढला की दुसरा दाताखाली यायचा.

तोडगा काढला अविनाशनं. अविनाश माझ्याच बरोबरीचा, माझ्यासारखाच नवा, हुशार आणि गोड माणूस. आम्ही दोघंही त्या वर्षी परीक्षाकाळावर होतो. मे अखेर साहेबांनी कायम केलं तर नोकरी, नाही तर घरी. तो म्हणाला, "राव, रविवार शोधत कशाला बसायचं? यंत्राला सांगू, गुरुवार हाच रविवार आहे." आणि त्यानं खरंच तसं केलं. यंत्राला तारीखच तीन दिवस पुढची द्यायची. बाहेर गुरुवार असला की आत रविवार. एका दुपारीत काम झालं, साहेबांनी पाठ थोपटली, सगळ्यांना चहा मिळाला.

फक्त छापील कागदावरचे वार चुकीचे येऊ लागले. त्यावर उपाय म्हणून कुणी काही केलं नाही, सगळा कारखानाच ते वार शिकला. कागदावरचा सोमवार म्हणजे आपला शुक्रवार, कागदावरचा गुरुवार म्हणजे आपला सोमवार. महिन्याभरात लोकांच्या तोंडी ते बसलं. "काम बुधवारी द्यायचंय." "खरा बुधवार की कागदी बुधवार?" असं लोक गंभीर चेहऱ्यानं एकमेकांना विचारू लागले. लेथवरच्या एका माणसानं भाचीच्या साखरपुड्यासाठी सोमवारची रजा टाकली. सुपरवायझरनं ती कागदी सोमवार म्हणून शुक्रवारी लावली. शुक्रवारी बिचारा कामावर आला तर त्याला गेटवर सांगितलं तू रजेवर आहेस, आणि सोमवारी साखरपुड्याला गेला तर गैरहजर लागला. यावर कँटीनमध्ये आठवडाभर हसणं चाललं होतं. मला मात्र हसू येत नव्हतं. आपण यंत्राला फसवायला गेलो आणि हजारभर माणसांना आजचा वार कुठला हे विचारायची पाळी आणली, याचा मला संताप येत होता.

आणि मग साहेबांनी मला बोलावलं. जुळणी आणि भट्टी या विभागांसाठी नवा प्रोग्राम लिहायचा होता, तो माझ्याकडे आला.

"अविनाशसारखंच कर, सुलभा. तीन दिवस पुढे ढकल, झालं."

"साहेब, ते खोटं आहे."

"अगं, यंत्राशी कसलं आलंय खरं-खोटं?"

"यंत्राला फरक पडत नाही. कागद वाचणाऱ्याला पडतो."

ते खुर्चीत मागे रेलले. "गुरुवारी सुट्टी असते हे पिंपरीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

"मग ते प्रोग्रामला कशाला माहीत हवं?"

हे मी बोलून गेले खरी, पण बोलल्यावर माझीच मी थबकले. हाच तर प्रश्न होता. सुट्टी कुठल्या वारी, हा प्रश्नच नव्हता. सुट्टी राहते कुठे, हा होता. आज ती प्रोग्रामच्या प्रत्येक खोलीत, फडताळात, माळ्यावर पसरली होती. तिला एक घर हवं होतं. ज्याला ती हवी असेल त्यानं त्या घरी जाऊन विचारावं, आणि ती बदलली तर त्या घराखेरीज कुणाला कळूही नये. बसमध्ये खिडकीशी बसून मी हाच विचार करत घरी आले आणि स्वेटर बसमध्येच विसरले. तो दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं परत दिला.

घरातही त्या उन्हाळ्यात एक करार झालेला होता. मे अखेर मी कायम झाले तर नोकरी करायची आणि धाकट्या भावाच्या डिप्लोमाचा भार उचलायचा. नाही झाले तर आईनं काढून ठेवलेली स्थळं बघायला सुरुवात करायची. ती स्थळं मला पाठ होती. त्यामुळे साहेबांचं ऐकून गप्प तीन दिवस पुढे ढकलण्यात माझा फायदा होता, हे मला नीट कळत होतं. मी ते केलं नाही. आज कुणी याला धाडस म्हणतं, तेव्हा घरचे हट्टीपणा म्हणायचे, आणि मला वाटतं घरचेच बरोबर होते.

चांगली रचना कशी शोधतात हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. यंत्राबरोबर आलेली जाडजूड पुस्तकं होती, त्यात कुठली आज्ञा कशी लिहायची ते होतं. काय कुठे ठेवायचं, ते नव्हतं. मी आधी सोपा मार्ग धरला. प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला एकच ओळ: सुट्टीचा वार गुरुवार. बाकी सगळ्यांनी तिथे बघायचं. मला ते इतकं सुंदर वाटलं की मी तो कागद घेऊन भट्टी विभागाच्या काटे फोरमनना दाखवायला गेले. बाजीराव काटे इथल्याच जुन्या गावचे. कारखाना जिथे उभा होता तिथे पूर्वी त्यांची ज्वारी असायची आणि हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आवाज असा की भट्टीच्या घरघरीवरही ऐकू जावा.

"ह्ये काय? भट्टीला बी गुरुवार?"

"सगळ्यांनाच गुरुवार आहे ना काटेमामा."

"आवो मॅडम, भट्टी इजवली तर परत तापाया किती येळ लागतो म्हाईत हाय का? आमी पाळीपाळीनं सुट्टी घेतो. आमची भट्टी उपास धरत न्हाई."

आजूबाजूची माणसं हसली, मीही हसले आणि वर येऊन ते सगळं फाडून टाकलं. मग प्रत्येक विभागाला त्याचा त्याचा वार दिला. भट्टीला पाळ्या दिल्या. पुन्हा खाली गेले. काटेमामांनी कागद उलटसुलट केला आणि विचारलं, "अन् जत्रंचं काय?"

"जत्रा कंपनीच्या सुट्ट्यांत नाहीये."

"कंपनीच्यात न्हाई, व्हय. पर माणसं तर जत्रंत असत्यात की! चैतात आमच्या गावची जत्रा आसली की निम्मी भट्टी रिकामी. मंग तुमच्या कागदावरचं काम कोन करनार, तुमी?"

त्या दिवशी मात्र मी चिडले. जत्रेवर नाही, स्वतःवरही नाही. जग असं का आहे याच्यावर. मी काहीही बांधलं की जग येऊन त्याच्या नेमक्या कोपऱ्यावर बसत होतं. अविनाश माझ्या टेबलावर चहा ठेवत म्हणाला, "राव, तू देऊळ बांधतेयस. मी टपरी टाकली, धंदा सुरूही झाला."

"तुझी टपरी तुझ्याशिवाय उघडत नाही," मी म्हणाले.

"तेच तर!" तो मनापासून हसला. त्या हसण्यात किती शहाणपण होतं ते मला पुढे कळलं.

तिसऱ्या वेळी मी 'वार' हा शब्दच टाकून दिला. सोमवार नाही, गुरुवार नाही, काही नाही. त्या काळी यंत्राला सगळं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर द्यावं लागायचं. मी कार्डांचा एक वेगळा गठ्ठा करायचं ठरवलं. एका विभागाचा एक दिवस म्हणजे एक कार्ड, आणि त्यावर एकच गोष्ट, विभाग चालू की बंद. प्रोग्रामनं फक्त त्या गठ्ठ्याला विचारायचं, आज हा विभाग चालू आहे का? बंद असेल तर का बंद आहे, दत्तामुळे, भट्टीमुळे की जत्रेमुळे, हे त्यानं विचारायचंच नाही. त्याला काय करायचंय नसत्या चौकशा? गठ्ठा कुणीही बदलू शकेल. भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येणारं कुणीही.

कार्डांना भोकं पाडणारी आमची रझिया शेख. तिच्या वडिलांचं कासारवाडीला ट्रकचं गॅरेज होतं. तिला मी गठ्ठ्याचा नमुना दाखवला तेव्हा तिनं तो बोटांवरून पत्त्यांसारखा फर्रकन उडवला. "एवढंच?" ती म्हणाली. "या एवढ्यासाठी एवढे दिवस डोकं धरून बसली होतीस? तुझं नाव सुलभा कुणी ठेवलं गं?"

या 'एवढंच?'ला मी आयुष्यभर तोंड देत आले. चांगली रचना सापडेपर्यंत सापडत नाही, आणि सापडली की ती इतकी साधी दिसते की तिच्यासाठी घाम गाळला असेल यावर कुणाचा विश्वास बसत नाही. फसलेली रचना मात्र कष्टाळू दिसते. तिच्यात ठिगळं असतात, युक्त्या असतात, जागरणं असतात. साहेबांनीही गठ्ठा बघून विचारलं होतं, "गुरुवार सांगायला एवढी कार्डं?" पण त्यांनी तो चालू दिला, कारण मे महिना आला होता आणि प्रोग्राम वेळेत पूर्ण झाला होता.

मग वीजकपात आली. धरणातलं पाणी उतरलं होतं. वीज मंडळानं कळवलं की गुरुवार एकटा पुरणार नाही, आता वेगवेगळ्या विभागांनी वेगवेगळ्या दिवशी बंद राहायचं आणि हे दिवस दर आठवड्याला बदलतील. त्या बातमीनं सगळ्या पट्ट्यात हलकल्लोळ झाला. रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवाल्यालाही कळेना की कुठल्या दिवशी किती दूध घ्यायचं. घरी संध्याकाळी दिवे गेले की आम्ही ओट्यावर येऊन बसायचो. कॉलनीभर अंधार, मोगऱ्याचा वास, कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर बातम्या, आणि बाबा विचारायचे, "आता तरी सुट्टी रविवारची करतील का?" आईनं त्यांच्याकडे नुसतं बघायचं.

अविनाशची टपरी त्याच आठवड्यात कोसळली. एकच खोटं सांगून सगळ्या कारखान्याला एका वारावर आणता येतं, पण आता एकाच छताखाली चार प्रकारचे गुरुवार होते. यंत्राला तो किती वेळा फसवणार? तो प्रोग्राममध्ये शिरला आणि बाहेरच येईना. दाढी वाढली, डबा तसाच परत जायचा, टेबलावर कागदांचा ढीग. साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहायचे. त्याच्यासाठी खालून वडे यायचे. वरच्या मजल्यावरचे मोठे साहेबही एकदा येऊन काचेतून बघून गेले. खरोखर जीव तोडून काम करत होता तो. त्याबद्दल माझ्या मनात आजही काही वाकडं नाही.

माझ्याकडे रझियानं जेवणाच्या सुट्टीआधी कार्डं बदलली, गठ्ठा यंत्रात घातला, कागद बाहेर आला. संपलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. मग आम्ही दोघी जिन्यात बसून कैरी खात होतो, तिखटमीठ लावून. दात आंबलेले, बोटं चोखणं चाललेलं, आणि नेमके तेव्हाच घाणेकर साहेब जिना चढून वर आले. त्यांनी कैरीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग आत अविनाशच्या पाठीकडे. माझ्या नोकरीचा निकाल त्या जिन्यातच लागला असावा.

माझ्या बाजूनं एकच माणूस बोलला. काटेमामा एके दिवशी बुटांसकट संगणकाच्या खोलीत घुसले. हातात दोन कागद, एक अविनाशच्या प्रोग्रामचा, एक माझा. त्यांनी माझा कागद साहेबांच्या नाकासमोर धरला. "ह्या पोरीच्या कागदावर सोमवार सोमवारच असतोय. भट्टीचं काम बिनघोर चाललंय. बाकीच्यास्नी बी आसलेच कागद द्या की!"

"काटे," साहेब म्हणाले, "आधी बूट काढा."

मे अखेर मला बोलावणं आलं. साहेबांच्या केबिनमध्ये एसी नव्हता, पंखा होता, आणि मी स्वेटर न काढताच गेले होते. ते पेपरवेट फिरवत बसले होते.

"अविनाशला कायम करतोय आम्ही. तुझं काम चांगलं आहे, नाही म्हणत नाही मी. पण अडचणीच्या वेळी तू कुठे दिसली नाहीस."

"माझ्याकडे अडचण आलीच नाही, साहेब."

"तेच म्हणतोय." त्यांना खरंच वाटत होतं की आम्ही दोघं एकच गोष्ट बोलतोय. "जागा एकच आहे. आणि खरं सांगू का, तुझा प्रोग्राम काय, ती रझियासुद्धा चालवते. अविनाश उद्या गेला तर आमचं सगळं बंद पडेल. तुला आणखी सहा महिन्यांची मुदत देतो. बघू."

मला हे समजायला थोडा वेळ लागला. पंखा फिरत होता, खाली शिफ्ट सुटायची तयारी चालली होती. माझ्याशिवाय चालेल असं काहीतरी मी करून दाखवलं होतं. म्हणून मी नको होते.

"म्हणजे माझं काम नीट झालंय, म्हणून मला मुदत."

"असं वाकड्यात घेऊ नकोस."

"सरळच घेतलंय, साहेब. मुदत नको मला. कायम करा, नाही तर मी जाते."

ते म्हणाले, घरी विचार, वडिलांशी बोल, असं तडकाफडकी करू नये, मुलीच्या जातीनं तर अजिबात नाही. हे शेवटचं त्यांनी बोलायला नको होतं. मी उठले. जाताना त्यांना सांगितलं की जूनची कार्डं रझियाकडे तयार आहेत, जुलैची कशी करायची तेही तिला येतं, काही अडणार नाही. साहेबांनी मान हलवली. त्यांना ते सोयीचं वाटलं असेल.

सकाळची शिफ्ट सुटत होती. ऊन असं की सायकलींच्या हँडलला हात लावता येत नव्हता. स्वेटर घडी करून हातावर घेणं मला जमेना. रोज घेत होते, पण त्या दिवशी नाही. मी तो तसाच अंगात ठेवला, वरचं बटणसुद्धा लावलं आणि त्या गर्दीतून गेटकडे चालत निघाले. लोक वळून वळून बघत होते. गेटवरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "मॅडम, थंडी वाजतीय का?" मी म्हटलं, "हो. तुमच्याकडे फार गार आहे." आणि तशीच, मे महिन्याच्या भर दुपारी, स्वेटर घालून स्टॉपपर्यंत चालत गेले. पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. रडले नाही.

घरी गुरुवारी सांगितलं, सगळे असताना. आई ताटावरून उठून आत गेली. बाबांनी साबुदाण्यात चमचा तसाच ठेवला आणि विचारलं, "तुजं काम नीट झालं व्हतं का?"

"हो."

"मंग जेव."

त्यानंतर ठरल्याप्रमाणे स्थळ आलं. मुलाच्या मामांनी विचारलं, चांगली नोकरी का सोडली? मी सगळं सांगितलं, कागदी बुधवारापासून भट्टीच्या पाळ्यांपर्यंत, कार्डांच्या गठ्ठ्यासकट. पोहे गार झाले. ते लोक पुन्हा आले नाहीत. पुढे भोसरीला एका लहानशा कंपनीत मला काम मिळालं, भावाचा डिप्लोमा झाला, आणि स्थळं येत-जात हळूहळू थांबली. त्या हिशेबात मी काय गमावलं, काय मिळवलं, असं लोक विचारतात. मी उत्तर देत नाही. पण राग मात्र आहे. तो विझलेला नाही आणि मी तो विझू देणारही नाही. जे पडत नाही, अडत नाही, ज्याच्यासाठी कुणाला जागावं लागत नाही, ते करणाऱ्याला या जगात कैरी खाणारी बाई समजतात. समजू देत. तोच उन्हाळा पुन्हा आला तर मी पुन्हा गठ्ठाच करीन, आणि जिन्यात बसून पुन्हा कैरी खाईन.

बऱ्याच वर्षांनी रझिया पिंपरीच्या बाजारात भेटली. दोन्ही हातांत पिशव्या, केस पिकायला लागलेले. उसाच्या रसाच्या दुकानात बसलो. अविनाश दुबईला गेला होता आणि तो गेल्यावर त्याचा प्रोग्राम कुणाला उलगडेना, शेवटी टाकून दिला, असं तिनं सांगितलं. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाली, "अगं, तुझा गठ्ठा आहे अजून. आता कार्डं गेली, टेपवर असतं सगळं, पण पद्धत तीच. मागच्या महिन्यात रंगकामाचा नवा विभाग आला. मीच घातला त्यात."

"कुणी शिकवलं?"

"कुणाला विचारावंच लागलं नाही." ग्लासातला बर्फ हलवत ती म्हणाली, "नव्या पोरांना तर माहीतही नाही तो कुणी केला ते."

मी तिला रसाचे पैसे देऊ दिले नाहीत.

हे सगळं परवा मी सईला सांगितलं, कारण तिनं विचारलं. तिच्या कंपनीचा एक ग्राहक आखातातला. तिथे शुक्रवारची सुट्टी होती, ती आता बदलली. आणि सईच्या प्रोग्राममध्ये शुक्रवार कुठे कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. तिचा साहेब म्हणतोय, आत्तापुरती तारीख पुढे-मागे करून दे, सोमवारी दाखवायचंय. मी हे ऐकलं आणि मला हसूच फुटलं. सई मात्र हसली नाही. तिचं या वर्षीचं प्रमोशन अडकलंय, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

"आत्या, नीट केलं तर महिना जाईल. आणि नंतर कुणाला दिसणारही नाही मी काय केलं ते."

"नाही दिसणार."

"तुला तर काढलंच त्यांनी."

"काढलं नाही. मी गेले. पण हो, कायम नाही केलं."

तिनं खुर्ची इकडून तिकडे फिरवली. मी तिला कर म्हटलं नाही, नको करू असंही म्हटलं नाही. तिचं प्रमोशन आहे, तिचा उन्हाळा आहे. मग तिचा फोन वाजला. तिनं टोपी डोक्यावरून मागे सारली, फोन उचलला आणि पलीकडचं सगळं ऐकून घेतलं.

"नाही सर," ती म्हणाली. "तारीख नाही हलवणार मी. वेळ लागेल. लागू दे."

मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर सकाळी आणलेली कैरी होती. ती चिरली, तिखटमीठ लावलं आणि दोन बश्या भरून तिच्या त्या गार खोलीत घेऊन गेले.